अँकीचा रिव्ह्यू: शब्द टिकतात, पण कार्ड नीट असेल तरच

'काढणे' हे एकच क्रियापद घ्या. फोटो काढला, शर्ट काढला, बँकेतून पैसे काढले, चित्र काढलं, रेल्वेचं तिकीट काढलं, डॉक्टरांनी दाढ काढली. मराठीचं एका शब्दात भागतं. इंग्रजीत मात्र टेक, टेक ऑफ, विथड्रॉ, ड्रॉ, बाय आणि पुल आऊट अशी सहा वेगळी तोंडं होतात. वहीत 'रिमूव्ह म्हणजे काढणे' असं लिहून घोकलेला माणूस पुढे 'प्लीज रिमूव्ह माय फोटो' म्हणतो, आणि समोरचा त्याचा फोटो भिंतीवरून उतरवायला जातो. चूक पाठांतराची नाही. पाठांतर चोख झालंय, पाठ केलेली ओळच चुकीची होती.

अँकीबद्दल काही सांगण्याआधी हे सांगायला हवं, कारण हे अ‍ॅप दिलेली ओळ फार इमानदारीने डोक्यात बसवतं. चुकीची दिली तर तीही. (इथे इंग्रजी शब्द देवनागरीत दिलेत, पण तुमच्या कार्डावर ते इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिहा. देवनागरी उच्चार का लिहू नये, ते पुढे येईल.)

अँकी हे फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर. डेमियन एल्म्स यांनी ते २००६ मध्ये आणलं, आणि नावाचा जपानी अर्थच पाठांतर. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर मनात म्हणायचं, कार्ड उलटायचं आणि किती जमलं ते स्वतःच चार बटणांतून सांगायचं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी समोर येणार हे ठरतं. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि प्रत्येक उजळणीनंतर मंदावतो, हे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडलं होतं. त्यावर संगणकाचं गणित बसवलं पिओत्र वोझ्नियाक यांनी, १९८७ मध्ये, सुपरमेमो या प्रणालीत. अँकीची जुनी पद्धत त्यावरूनच घेतलेली. सलग 'गुड' दाबत गेलात तर कार्ड दुसऱ्या दिवशी येतं, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग अडीच आठवड्यांनी, मग दीड महिन्याने. एखादा शब्द वर्षभर टिकवायला एवढ्या थोड्या भेटी पुरतात, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा शाळेत दहा-दहा वेळा लिहून काढलेल्या शब्दांची कीव येते.

पण उघडल्यावर आत काहीच नसतं. धडे नाहीत, शब्दांची यादी नाही, ड्युओलिंगोसारखा शाबासकी देणारा पक्षी नाही. दिसायलाही ते एखाद्या सरकारी फॉर्मसारखं आहे. ज्यांना तयार अभ्यासक्रम हवा त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

खर्चाचं सरळ आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर फुकट. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट, ते वेगळ्या स्वयंसेवकांनी बनवलेलं आहे. आयफोनवर मात्र अँकीमोबाइल नावाचं अ‍ॅप विकत घ्यावं लागतं, अमेरिकेतली किंमत २४.९९ डॉलर, एकदाच. पैसे घालायचे नसतील तर आयफोनच्या ब्राउझरमधून अँकीवेब या अँकीच्या वेबसाइटवर जाऊन उजळणी करता येते, कार्डं कॉम्प्युटरवर बनवायची. अ‍ॅप स्टोअरमध्ये 'अँकी' शोधलं की त्याच नावाची, दर महिन्याला पैसे मागणारी इतर अ‍ॅप्सही वर येतात. त्यांचा या अँकीशी संबंध नाही आणि तुमची कार्डं त्यांच्यात आपोआप येणार नाहीत. डाउनलोड करण्याआधी पूर्ण नाव वाचा.

आता कार्ड कसं बनवायचं. सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

बहुतेक जण पुढे इंग्रजी शब्द आणि मागे मराठी अर्थ लिहितात. यात दोन घोटाळे होतात. एक म्हणजे शब्द दिसला की अर्थ आठवतो, पण बोलताना मराठीतून इंग्रजीकडे जायचं असतं आणि तो रस्ता तुम्ही कधी चाललेलाच नसता. दुसरा घोटाळा 'काढणे'चा. उलटं कार्ड बनवून पुढे 'काढणे' लिहिलं तर सहापैकी कोणतं उत्तर बरोबर? तुम्ही 'विथड्रॉ' म्हणता, मागे 'टेक ऑफ' असतं, तुम्ही 'अगेन' दाबता. डोक्यात असलेला शब्दही अ‍ॅपच्या लेखी विसरलेला ठरतो.

यावर उतारा एकच. पुढच्या बाजूला शब्द ठेवू नका, वाक्य ठेवा. अँकीत नवीन कार्डाच्या खिडकीत वर डावीकडे प्रकार निवडता येतो, तिथे 'क्लोझ' घ्या. हा गाळलेल्या जागेचा प्रकार. 'टेक्स्ट' या रकान्यात पहिल्या ओळीत मराठी वाक्य लिहा: 'एटीएममधून थोडे पैसे काढायचेत.' खालच्या ओळीत इंग्रजी: 'आय नीड टू विथड्रॉ सम कॅश.' मग 'विथड्रॉ' हा शब्द निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबा. त्याभोवती महिरपी कंस येतील आणि उजळणीच्या वेळी तेवढीच जागा कोरी दिसेल. या वाक्यात 'गेट' हा शब्दही बसतो, त्यामुळे अडचण येईल. तेव्हा कंसात शब्दानंतर दोन कोलन देऊन पहिलं अक्षर लिहून ठेवा, ते रिकाम्या जागेत इशारा म्हणून दिसतं. खालच्या 'बॅक एक्स्ट्रा' रकान्यात हवं तर एक ओळ: शर्टासाठी टेक ऑफ. एवढंच, निबंध नको. कंट्रोल-एंटर दाबलं की कार्ड जमा. हात बसला की एका कार्डाला मिनिटही लागत नाही.

'हरवणे' याच तऱ्हेचं. किल्ली हरवली तर लूज, भारताने समोरच्या संघाला हरवलं तर बीट, मूल जत्रेत हरवलं तर गेट लॉस्ट. तीन वाक्यं, तीन कार्डं. 'ऐकणे'ची दोन होतात: आवाज कानावर पडला तर हिअर, लक्ष देऊन ऐकलं तर लिसन, आणि त्या लिसनपुढे 'टू' लागतो. गाळलेल्या जागेत तो 'टू'ही धरा, नाहीतर शब्द येईल आणि वाक्य मोडेल.

शब्दांच्या जोड्यांकडेही लक्ष असू द्या. परीक्षा आपण देतो, इंग्रजीत ती 'टेक' करतात. लाइट आपण बंद करतो म्हणून 'क्लोज द लाइट' तोंडात येतं, हवं असतं 'टर्न ऑफ'. घरातलं दूध संपलं, तर 'मिल्क इज फिनिश्ड' आपल्याकडे चालून जातं, पण बोलीत सहज येणारं वाक्य 'वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क'. अशा ठिकाणी एकटा शब्द पाठ करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. 'रन आऊट ऑफ' हा अख्खा तुकडा गाळा.

लेंड आणि बॉरो एकाच दिवशी घालू नका. ही चूक जवळजवळ सगळे करतात, कारण पुस्तकात ते शेजारी-शेजारी छापलेले असतात. दोन्ही नवे असताना एकाची आठवण दुसऱ्याला चिकटते आणि मग कोणता देण्याचा, कोणता घेण्याचा, हे महिनोन् महिने उलटसुलट होत राहतं. 'कॅन यू लेंड मी फाइव्ह हंड्रेड रुपीज' हे आज घाला. ते दोन-तीन आठवड्यांच्या अंतरावर पोचलं, न अडखळता यायला लागलं, की मग 'कॅन आय बॉरो युअर अम्ब्रेला' आणा. ट्यूजडे-थर्सडे, रिमेंबर-रिमाइंड, लर्न-टीच यांनाही हेच. एका बैठकीत सगळ्या भाज्या, सगळे अवयव घालणंही त्याच कारणाने वाईट. यादी दिसायला नीटनेटकी होते, डोक्यात मात्र खिचडी.

भाज्यांवरून आठवलं. वांग्याला आपल्याकडे ब्रिंजल, अमेरिकेत एगप्लँट, इंग्लंडमध्ये ऑबर्जिन. ढोबळी मिरची इथे कॅप्सिकम, अमेरिकेत बेल पेपर. कोथिंबिरीची जुडी कोरिअँडर म्हणून मागितली तर अमेरिकन दुकानात धण्यांकडे बोट दाखवतील, त्यांच्याकडे पाल्याला सिलँट्रो म्हणतात. परदेशी जाणाऱ्यांनी मराठी वाक्यातच ठिकाण लिहावं, 'न्यू जर्सीच्या दुकानात कोथिंबीर मागताना', आणि कार्डाला देशाचा टॅग लावावा. सगळी नावं एकाच कार्डात कोंबली तर ऐन वेळी एकही येत नाही.

शब्द आणायचे कुठून? तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, फुकट मिळतात, हजारोंनी. त्यांतले पुष्कळसे परीक्षार्थींसाठी बनलेले, मराठी वाक्य त्यांत नसतं आणि रोज लागणारे शब्द दुर्मिळ शब्दांच्या ढिगाऱ्याखाली असतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी अशा सुमारे २००० शब्दांची यादी छापली होती. आज तिच्यात काही शब्द जुनाट वाटतात, पण कोणता शब्द आधी घ्यावा याचा अंदाज घ्यायला अशी यादी चांगली. खरा माल मात्र आपल्या दिवसात पडलेला असतो: विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, ऑफिसचा मेल, औषधाच्या पाकिटावरची सूचना. ज्या वाक्यात अडलात तेच वाक्य कार्डावर गेलं तर अर्धं काम झालं.

उच्चार. देवनागरीत इंग्रजी उच्चार लिहायची सवय सोडा, कारण आपण तो मराठी वळणाने वाचतो. 'कम्फर्टेबल' असं लिहिलं की चारही अक्षरं ठासून म्हटली जातात, प्रत्यक्षात मधलं अक्षर जवळजवळ गिळतात. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि देवनागरीत हा जोर दिसत नाही. त्याऐवजी आवाज जोडा. विंडोज आणि मॅकवर कार्डाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात, वाचून दाखवण्याचा, म्हणजे टीटीएसचा, टॅग टाकता येतो आणि भारतीय, ब्रिटिश की अमेरिकन इंग्रजी तेही सांगता येतं. त्या भाषेचा आवाज मात्र कॉम्प्युटरवर बसवलेला हवा. लिनक्सवर ही सोय अंगची नाही. एडिटरमध्ये एफ-५ दाबून कोणा जाणत्याचा आवाज रेकॉर्ड करून घेता येतो, एफ-३ ने चित्र जोडता येतं. चाळणी, सांडशी, लाटणं यांना चित्रच लावा, वाक्याची उठाठेव नको.

स्पेलिंग पक्कं करायचं असेल तर टाइप करून उत्तर द्यायचा प्रकारही आहे. तो अक्षरन् अक्षर तपासतो. 'रिसीट'मधला मुका पी आणि कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला मुका बी पकडायला उत्तम. फोनवर करताना कीबोर्डच्या सूचना बंद ठेवा, नाहीतर दोन अक्षरं टाइप केली की अख्खा शब्द वरच्या पट्टीत हजर होतो आणि परीक्षा कीबोर्डचीच होते.

सेटिंगमध्ये फार शिरू नका, पण तीन-चार ठिकाणी हात लावावा लागतो. रोज २० नवी कार्डं आणि जास्तीत जास्त २०० उजळण्या, हे अँकीचं आपलं आपण येणारं माप. २० नवी कार्डं पहिल्या आठवड्यात अगदी हलकी वाटतात. नव्याचे नऊ दिवस सरले की जुनी परत यायला लागतात. वापरणाऱ्यांमधला ठोकताळा असा की रोज जितकी नवी, त्याच्या सात ते दहा पट उजळण्या पुढे कायमच्या मागे लागतात. म्हणजे २० नव्यांना दीडशे ते दोनशे. कार्डाला आठ सेकंद धरली तरी दोनशेंना २७ मिनिटं, रोज, रविवारीही. नोकरी-घर सांभाळणाऱ्याने ५ ते ७ वर ठेवावं. रोज ५ म्हटले तरी वर्षाला १८२५ होतात, आणि ते टिकलेले असतात.

डेक ऑप्शन्समध्ये खाली 'एफएसआरएस' असा खटका आहे. ही नवी गणनपद्धत २३.१० या आवृत्तीपासून अँकीतच आली. चालू करा. जुन्यापेक्षा ती उजळणीच्या तारखा तुमच्या विसरण्याच्या वेगाला धरून ठरवते. 'डिझायर्ड रिटेन्शन' ०.९० असतं, म्हणजे कार्ड समोर येईल तेव्हा दहातली नऊ आठवावीत असा हिशोब. हावरटपणाने ०.९७ केलं की उजळण्यांचा डोंगर होतो. काही शे उत्तरं जमल्यावर 'ऑप्टिमाइझ' दाबा, पुढे महिन्या-दोन महिन्यांनी. 'बरी' नावाच्या भागात एकाच वाक्यातून निघालेली भावंडं कार्डं त्याच दिवशी दाखवू नयेत, असे पर्याय आहेत. तेही चालू करा, नाहीतर पहिलं कार्ड दुसऱ्याचं उत्तर फोडतं.

बटणांत सगळ्यांत मोठी चूक 'हार्ड'ची. शब्द आठवला नाही, पण 'अगेन' दाबायला जीव होत नाही, म्हणून हार्ड. अँकीच्या लेखी हार्ड म्हणजे आठवलं, पण कष्टाने. त्यामुळे न आलेला शब्द थेट पुढच्या तारखेला जातो आणि एफएसआरएसचा सगळा हिशोबच नासतो. नाही आलं तर अगेन, आलं तर गुड. ही दोनच बटणं वापरली तरी काही बिघडत नाही.

एखादं कार्ड आठ वेळा विसरलं गेलं की अँकी त्याला 'लीच' असा टॅग लावतं. लीच म्हणजे जळू, आणि नाव अगदी चपखल आहे: एकटं कार्ड बाकीच्या दहांचा वेळ पितं. त्याला पुन्हा पुन्हा घोकू नका. ब्राउझ उघडा, तो टॅग शोधा, वाक्य बदला. बहुतेकदा वाक्य लांब असतं, किंवा त्या जागी दोन शब्द बसत असतात, किंवा त्याचं जुळं कार्ड डेकमध्ये लपलेलं असतं. तरी नाही जमलं तर काढून टाका. एका शब्दाने इंग्रजी अडत नाही.

ज्यांना एक्सेलमध्ये यादी करून एकदम आत घालायची असते, त्यांच्यासाठी दोन खड्डे. साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. दुसरं, अँकी पहिला रकाना बघून कार्ड आधीचं की नवं ते ठरवतं. पहिल्या रकान्यात नुसतं 'टेक' असेल आणि तसंच कार्ड आधीपासून असेल, तर इम्पोर्टच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये नवी ओळ जुन्या कार्डावर चढते. पहिल्या रकान्यात पूर्ण वाक्य ठेवलं की हा प्रश्नच राहत नाही.

गणपती, लग्न, आजारपण, काहीही होवो, आठ दिवस सुटले की चार-पाचशे कार्डं तुंबतात. बरेच जण इथेच अ‍ॅप काढून टाकतात. नवी कार्डं शून्यावर आणा, रोजच्या उजळण्यांना १०० ची मर्यादा घाला आणि ढीग उपसू द्या. आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. उशिरा आलेलं कार्डही आठवलं तर ते फायद्याचंच, हिशोबात तो जादा काळ धरला जातो.

फोन बदलताना मात्र सावध. अँकीवेबशी पहिल्यांदा जोडताना कधीकधी अपलोड की डाउनलोड असं विचारतात. नव्या, रिकाम्या फोनवर अपलोड दाबलं तर रिकामी पेटी वर जाते आणि वरची भरलेली पुसली जाते. तिथे डाउनलोडच. जुन्या फोनवरून अँकीड्रॉइड काढण्याआधी सिंक करा, आणि महिन्यातून एकदा एक्सपोर्ट करून फाइल दुसरीकडे ठेवा.

उणं काय? दिसणं रूक्ष, पहिले दोन दिवस डोकं खाणारं, आयफोनवाल्यांना महाग. बोलण्याचा सराव यात होत नाही. शब्द जिभेवर यायला माणसाशी बोलावंच लागतं, अँकी फक्त ऐन वेळी तो सापडेल एवढी सोय करतं. दहा वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यावं असं वाटत नाही, स्वतःच्या उत्तराला प्रामाणिक गुण देणं त्या वयात अवघड. मोठ्यांनाही जडच जातं. तरीही पाचपैकी साडेचार, आणि कापलेला अर्धा गुण दिसण्यासाठी नाही, पहिल्या दिवशी २० कार्डं पुढ्यात टाकण्यासाठी.

फोनच नको असेल, घरातल्या आजींना किंवा लहान मुलांना शिकवायचं असेल, तर सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केलेली पेटी करा. चपलांचा खोका घ्या, पुठ्ठ्याने पाच कप्पे पाडा. पोस्टकार्ड आडवं-उभं कापून चार तुकडे, पुढे मराठी वाक्य, मागे इंग्रजी. आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठ, पाचवा सोळा. पहिल्या कप्प्यात तीसच्या वर कार्डं साचली तर नवी घालणं थांबवा.